घरच्या डीव्हीडी मोबाइल आणि टॅबलेटवर पाहण्यायोग्य कशा कराव्यात

घरच्या डीव्हीडी असे म्हणताना येथे तीन प्रकारच्या तबकड्या अभिप्रेत आहेत: कॅमकॉर्डरने थेट लिहिलेल्या, जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरून डीव्हीडी रेकॉर्डरने उतरवून घेतलेल्या, आणि एखाद्या समारंभाचे चित्रण करून व्यावसायिक छायाचित्रकाराने तयार करून दिलेल्या. या तिन्हींवर सहसा कोणतेही कुलूप नसते, त्यामुळे त्यांची प्रत काढणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असते. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडींवर मात्र सीएसएस नावाचे सांकेतिक संरक्षण असते. ते मोडण्याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, आणि पुढील मार्गदर्शन तशा तबकड्यांसाठी नाही.

बहुतेक जण डीव्हीडी संगणकात घालतात, रूपांतर करणारा एखादा प्रोग्राम उघडतात आणि तबकडीवरून थेट मोबाइलसाठीची फाइल बनवून मोकळे होतात. अशाने काम होते. पण मोबाइलसाठी बनलेली फाइल ही मूळ चित्रणाची लहान केलेली आवृत्ती असते, आणि लहान करताना जो तपशील गळतो तो पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. शिवाय सेटिंग चुकले, तर तीच तबकडी पुन्हा वाचावी लागते, आणि घरी लिहिलेल्या डीव्हीडी-आर तबकडीतील रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होत असल्यामुळे ती दर वेळी तितक्याच सहजपणे वाचली जाईल याची खात्री नसते. म्हणून हे काम दोन टप्प्यांत करावे. आधी तबकडीची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि मग त्या प्रतीवरून मोबाइलसाठी रूपांतर करावे. जपायची ती पहिली प्रत; दुसरी कधीही पुसून पुन्हा बनवता येते.

तबकडीवर काय आहे ते आधी पाहावे

तबकडी संगणकात घातल्यावर ती चालू करण्याऐवजी तिच्यावरील फोल्डर उघडून पाहावेत. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर दिसल्यास ती नेहमीची डीव्हीडी-व्हिडिओ आहे. त्या फोल्डरमध्ये व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन प्रकारच्या फाइली असतात. चित्र आणि आवाज व्हीओबीमध्ये असतो, कोणता भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची नोंद आयएफओमध्ये असते, आणि बीयूपी ही त्या नोंदीची राखीव प्रत असते. व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी होऊ दिली जात नाही, म्हणून दोन तासांचे सलग चित्रण चार-पाच तुकड्यांत विभागलेले दिसते. हे तुकडे हाताने एकामागोमाग जोडण्याचा मोह टाळावा, कारण व्हीओबीमधील वेळेची गणना मध्येच पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकते, आणि मग ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ सुटतो. आयएफओमधील नोंद वाचून काम करणारा प्रोग्राम वापरला की हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

त्याऐवजी ‘डीव्हीडी आरटीएव्ही’ नावाचे फोल्डर दिसले, तर ती तबकडी डीव्हीडी-व्हीआर पद्धतीने लिहिलेली आहे. काही रेकॉर्डर आणि कॅमकॉर्डर पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्यांवर ही पद्धत वापरत असत. तिच्यात सर्व चित्रण व्हीआरओ या एकाच मोठ्या फाइलमध्ये असते. ही फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घेऊन रूपांतराच्या प्रोग्राममध्ये थेट उघडावी. फक्त निरनिराळ्या दिवशी केलेली चित्रणे एकाच लांब पट्टीसारखी सलग मिळतील, ती नंतर वेगळी करावी लागतील. ‘बीडीएमव्ही’ फोल्डर असेल, तर ती २००६ साली आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीची तबकडी असण्याची शक्यता आहे आणि तिच्यावरील चित्रण उच्च प्रतीचे असू शकते, म्हणून तिला पुढे दिलेली डीव्हीडीची सेटिंग लावू नयेत. आणि नुसत्याच एव्हीआय, एमपीजी किंवा छायाचित्रांच्या फाइली असतील, तर त्या उचलून संगणकावर घेतल्या की झाले.

संगणकाने तबकडी रिकामी असल्याचे सांगितले तरी घाबरून जाऊ नये, आणि ती ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना आल्यास ती मुळीच मान्य करू नये. रेकॉर्डरवर किंवा कॅमकॉर्डरवर चित्रण संपल्यानंतर तबकडी ‘फायनलाइझ’ करावी लागत असे, म्हणजे लेखन पूर्ण करून ती इतर यंत्रांना वाचता येईल अशी करावी लागत असे. ते राहून गेले असेल तर इतर यंत्रांना तिच्यावर काहीच दिसत नाही. ज्या यंत्राने ती लिहिली ते अजून चालू स्थितीत असेल, तर त्यातच ती घालून फायनलाइझ करणे हा सर्वांत चांगला उपाय. यंत्र उरले नसेल, तर आयसोबस्टरसारखा प्रोग्राम तबकडीचा पृष्ठभाग थेट वाचून चित्रण शोधू शकतो.

कॅमकॉर्डरच्या तबकड्या बहुधा ८ सेंटिमीटर व्यासाच्या असतात. त्या सरकत्या ट्रेच्या ड्राइव्हमध्ये मधल्या लहान खाचेत नीट बसतात, पण ज्या ड्राइव्हला ट्रे नसून नुसती फट असते त्यात त्या कधीही घालू नयेत. आत अडकलेली तबकडी काढण्यासाठी ड्राइव्ह उघडावा लागू शकतो.

जशीच्या तशी प्रत

संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल, तर यूएसबीला जोडण्याचा बाह्य ड्राइव्ह पुरेसा आहे. तो शक्यतो संगणकाच्याच पोर्टला लावावा, कारण साध्या हबमधून त्याला पुरेसा वीजपुरवठा न झाल्यास तबकडी मध्येच थांबते आणि दोष मात्र तबकडीला दिला जातो.

प्रत काढण्याचा सर्वांत विश्वासार्ह प्रकार म्हणजे आयएसओ इमेज, म्हणजे संपूर्ण तबकडी एका फाइलमध्ये. विंडोजवर इमगबर्न, मॅकवर डिस्क युटिलिटी आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे काम विनामूल्य करतात. मॅकवर फाइलच्या नावापुढे सीडीआर असे येते, पण आतील मजकूर आयएसओसारखाच असतो. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची आणि दोन थरांची ८.५ जीबीची असते, त्यामुळे पन्नास साध्या तबकड्यांच्या इमेज ठेवायला सुमारे २३५ जीबी जागा लागेल. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा किरकोळ आहे, आणि म्हणूनच जागा वाचवण्यासाठी मूळ प्रत पुसून फक्त मोबाइलची फाइल ठेवण्याचा विचार मला मुळीच पटत नाही. चांगल्या स्थितीतील तबकडीची इमेज साधारण पाव तासात तयार होते.

वेळ लागतो तो ओरखडे पडलेल्या तबकडीला. आधी ती मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. हात मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावा, गोलाकार नव्हे, कारण माहितीचा माग गोलाकार असतो आणि त्याच दिशेने पडलेला ओरखडा सलग बरीच माहिती झाकून टाकतो. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला वारंवार वाचायला मिळतो, पण तो इतर सर्व मार्ग खुंटल्याशिवाय करून पाहण्याच्या लायकीचा नाही. पुसूनही तबकडी वाचली जात नसेल, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका ड्राइव्हला न जमलेली तबकडी दुसरा सहज वाचतो, असे अनेकदा घडते. तेही न जमल्यास डीडीरेस्क्यू वापरावे. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि मग फक्त त्याच जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नोंद फाइलमध्ये साठवलेली असल्यामुळे तेच काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू ठेवता येते. शेवटी काही जागा अपुऱ्या राहिल्याच, तर तेवढ्या क्षणी चित्रात चौकोन दिसतील, बाकीचे चित्रण शाबूत राहील.

डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते आणि माहितीचा थर त्यांच्या मध्ये असतो. त्यामुळे छापील बाजूचा लहानसा ओरखडा सीडीइतका घातक ठरत नाही, पण वाकवणे मात्र सीडीपेक्षा जास्त बाधते. डबीतून काढताना मधली कळ दाबून तबकडी सुटी करावी, कडेला धरून ओढू नये.

रूपांतर

या कामासाठी हँडब्रेक हा विनामूल्य आणि मुक्त स्रोत प्रोग्राम पुरेसा आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि आयएसओ फाइल थेट उघडतो. फाइल उघडल्यावर तो तबकडीवरील सर्व ‘टायटल’, म्हणजे चित्रणाचे स्वतंत्र भाग, मोजतो. समारंभाच्या डीव्हीडीवर मुख्य चित्रण बहुधा सर्वांत लांब टायटलमध्ये असते आणि बाकीची लहान टायटल मेनूमागे फिरणाऱ्या दृश्यांची असतात. कॅमकॉर्डरच्या तबकडीवर मात्र प्रत्येक दिवसाचे चित्रण वेगळे टायटल असू शकते, म्हणून लांबी पाहून घाईने निवड करू नये. यादीत अगदी लहान टायटल दिसत नसतील, तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये टायटलची किमान लांबी कमी करून फाइल पुन्हा उघडावी.

सुरुवातीचे प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या सेटिंगचा संच, निवडण्यासाठी मूळ चित्रण टीव्हीच्या पाल आणि एनटीएससी यांपैकी कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहावे. पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असून सेकंदाला २५ चौकटी असतात. एनटीएससी पद्धतीत ते ७२० बाय ४८० असून चौकटी २९.९७ असतात. पहिल्यासाठी ‘फास्ट ५७६पी२५’ आणि दुसऱ्यासाठी ‘फास्ट ४८०पी३०’ हे प्रीसेट योग्य आहे. चित्र मोठे करून ७२०पी किंवा १०८०पी बनवण्याने नवा तपशील निर्माण होत नाही, फाइल तेवढी फुगते. पडद्याएवढे मोठे करून दाखवण्याचे काम मोबाइल स्वतःच करतो.

प्रीसेट लावून थेट सुरुवात केली तरी काहीतरी पाहण्याजोगे मिळतेच. परंतु घरगुती चित्रण चांगले दिसणे किंवा खराब दिसणे हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, आणि त्या दोन्ही स्वतः तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट इंटरलेसिंगची. जुन्या कॅमेऱ्यांनी एक पूर्ण चौकट एकाच वेळी टिपलेली नसते. आधी विषम ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी, अशी दोन अर्धी चित्रे मिळून एक चौकट होते (एनटीएससीमध्ये हे अंतर सुमारे साठाव्या भागाचे असते). जुन्या टीव्हीच्या पडद्याची रचनाच तशी असल्यामुळे तेथे हे खटकत नसे. मोबाइलचा पडदा मात्र सर्व ओळी एकदम दाखवतो, आणि त्या मधल्या काळात धावणारे मूल थोडे पुढे सरकलेले असल्यामुळे त्याच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. हँडब्रेकमधील ‘फिल्टर्स’ या भागात ‘डीइंटरलेस’ हा पर्याय आहे. त्यात ‘डीकॉम्ब’ निवडल्यास जेथे हे दात दिसतात तेवढ्याच चौकटी दुरुस्त केल्या जातात, आणि बहुतेक तबकड्यांसाठी ते पुरते. कॅमकॉर्डरच्या चित्रणासाठी मात्र मी ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ किंवा ‘याडिफ’ निवडून त्याखालील ‘बॉब’ हा प्रकार लावण्याच्या बाजूचा आहे. त्यामुळे प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण चौकट होते, चौकटींची संख्या सेकंदाला ५० किंवा ५९.९४ होते, आणि हालचालीचा मूळचा गुळगुळीतपणा टिकतो. याबरोबर ‘व्हिडिओ’ भागातील फ्रेमरेटही २५ वरून ५० वर, अथवा ३० वरून ५९.९४ वर, न्यावा लागतो. तो बदलला नाही तर नव्याने तयार झालेल्या चौकटी पुन्हा गाळल्या जातात आणि बॉब लावल्याचा काहीच उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. डीव्हीडीवरील बिंदू चौरस नसतात. पाल पद्धतीतील ७२० बाय ५७६ हेच चित्र चार-तीन या प्रमाणात दाखवायचे असेल तर पडद्यावर ते ७६८ बाय ५७६ व्हायला हवे, आणि सोळा-नऊ प्रमाणात असेल तर १०२४ बाय ५७६. कोणते प्रमाण वापरायचे याची सूचना फाइलमध्ये असते आणि हँडब्रेक ती पुढे नव्या फाइलमध्येही लिहितो. पण काही प्लेअर आणि संपादनाचे काही ॲप ती वाचत नाहीत, आणि मग माणसे उंच व सडपातळ किंवा बुटकी व रुंद दिसू लागतात. ही जोखीम नको असेल, तर ‘डायमेन्शन्स’ या भागात ‘अ‍ॅनामॉर्फिक’ हा पर्याय ‘नन’ करावा. मग बिंदू चौरस होतात, फाइल किंचित मोठी होते, पण चित्र प्रत्येक उपकरणावर सारखेच दिसते. तपासणीसाठी चित्रणातील एखादी गोल वस्तू शोधावी: घड्याळ, ताटली, गाडीचे चाक. ती लंबगोल दिसत असेल तर प्रमाण चुकले आहे, मग आकडे काहीही सांगोत.

त्याच भागात चित्राच्या कडा कापण्याची सोय आहे. हँडब्रेक काळ्या पट्ट्या आपोआप ओळखतो; तरी अंधाऱ्या दृश्यांनी भरलेल्या चित्रणात त्याचा अंदाज फसू शकतो, म्हणून पूर्वदृश्य पाहूनच तो स्वीकारावा. व्हीएचएसवरून उतरवलेल्या तबकडीच्या चित्रात अगदी तळाशी काही ओळी थरथरताना दिसतात. कॅसेट वाचणारे हेड बदलण्याच्या जागी हा दोष उमटतो. जुन्या टीव्हीची चौकट तेवढा भाग झाकून टाकत असे. मोबाइलवर तो उघडा पडतो, तेव्हा खालून आठ ते बारा ओळी कापलेल्या बऱ्या.

व्हीएचएसचा दुसरा वारसा म्हणजे चित्रभर वळवळणारे कण. हे कण प्रत्येक चौकटीत बदलत असल्यामुळे फाइल लहान करणाऱ्या तंत्राला ते नवी माहिती वाटतात आणि जागेचा मोठा वाटा त्यांच्यावरच खर्च होतो. ‘डीनॉइझ’ हे फिल्टर हलक्या मात्रेत लावल्यास चित्र स्वच्छ दिसते आणि फाइलही लहान होते. मात्रा वाढवली की चेहरे मेणाचे दिसू लागतात, म्हणून हात आखडताच ठेवावा.

आता कोडेक, म्हणजे चित्र कमी जागेत दाबून साठवण्याचे तंत्र. डीव्हीडीवरील चित्र एमपीईजी-२ तंत्राने साठवलेले असते. त्याऐवजी एच.२६४ वापरल्यास तीच गुणवत्ता बऱ्याच कमी जागेत मिळते आणि ते जवळपास प्रत्येक मोबाइलवर, टॅबलेटवर आणि टीव्हीवर चालते. एच.२६५ आणखी जागा वाचवते, पण जुन्या उपकरणांवर अडखळते. इतक्या लहान आकाराच्या चित्रासाठी ती बचत फारशी मोलाची नाही. गुणवत्तेसाठी ठरावीक बिटरेट (दर सेकंदाला वापरायच्या माहितीचे प्रमाण) न देता ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडून आरएफचा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा. आकडा जितका कमी तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. आरएफवर चालवल्यास फाइल किती मोठी होईल हे आधी नेमके सांगता येत नाही. अंदाजासाठी इतके ध्यानात ठेवावे की सेकंदाला सरासरी २ मेगाबिट लागले तर एका तासाचे चित्र सुमारे ९०० एमबी भरते. फाइलचा प्रकार एमपी४ ठेवावा.

आवाजाकडे दुर्लक्ष होते आणि नंतर चित्र दिसते पण ऐकू काहीच येत नाही, अशी तक्रार होते. डीव्हीडीवरील आवाज बहुधा एसी-३ प्रकारचा असतो आणि तो मोबाइलवरील काही प्लेअरना वाजवता येत नाही. म्हणून ‘ऑडिओ’ भागात मूळ आवाज तसाच पुढे न नेता एएसी, स्टिरिओ, १६० केबीपीएस असे रूपांतर करावे. जुन्या कॅमेऱ्याला एकच माइक जोडलेला असेल, तर आवाज फक्त डाव्या बाजूला असू शकतो आणि हेडफोन लावल्यावर तो एकाच कानात येतो. अशा वेळी ‘मिक्सडाउन’मध्ये ‘मोनो’चा ‘लेफ्ट ओन्ली’ हा प्रकार निवडला की तो दोन्ही कानांत सारखा ऐकू येतो.

संपूर्ण तबकडी चालवण्याआधी एक-दोन मिनिटांचाच भाग रूपांतरित करून पाहावा. हा भाग हालचालीचा असावा. स्थिर बसलेल्या माणसांच्या दृश्यात इंटरलेसिंगचा दोष लपून राहतो. तो तुकडा प्रत्यक्ष मोबाइलवर पाहावा आणि हेडफोनने ऐकावा. समाधान झाले की हीच सेटिंग नव्या प्रीसेटच्या नावाने साठवून सर्व टायटल ‘क्यू’मध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, टाकावीत आणि संगणक रात्रभर चालू ठेवावा. एकाच कॅमेऱ्याच्या तबकड्यांना तेच प्रीसेट चालेल, पण व्हीएचएसवरील आणि कॅमकॉर्डरच्या तबकड्यांसाठी दोन वेगळी प्रीसेट ठेवावीत.

उपकरणावर पोचवताना

अँड्रॉइड उपकरण केबलने संगणकाला जोडून, ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडला की फाइल सरळ फोल्डरमध्ये टाकता येते. आयफोन किंवा आयपॅडसाठी सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे त्यावर व्हीएलसी हे ॲप घेऊन, त्यातील वाय-फायने फाइल स्वीकारण्याची सोय वापरणे. मेमरी कार्डवर फाइल जात नसेल आणि ती ४ जीबीहून मोठी असेल, तर कार्ड एफएटी३२ पद्धतीचे आहे असे समजावे. त्या पद्धतीत याहून मोठी फाइल बसतच नाही. कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावे, अर्थात त्यावरील मजकूर आधी दुसरीकडे हलवून. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल व्हिडिओ म्हणून न जोडता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही. तेथे मर्यादा २ जीबीची आहे.

राहता राहिली तारीख. रूपांतरित फाइलला रूपांतराच्या दिवसाची तारीख लागते, आणि मोबाइलची गॅलरी वीस वर्षांपूर्वीचे चित्रण काल काढलेल्या छायाचित्रांच्या शेजारी नेऊन ठेवते. म्हणून फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग असा क्रम ठेवावा, म्हणजे नावानुसार लावल्यावर चित्रणे आपोआप काळाच्या क्रमाने येतात. चित्रणाच्या कोपऱ्यात तारीख उमटलेली असेल तर तीच घ्यावी. नसेल तर तबकडीच्या डबीवर लिहिलेली पाहावी. गॅलरीतही योग्य जागी दिसायला हवे असेल, तर एक्झिफटूल हा विनामूल्य प्रोग्राम फाइलच्या आतील निर्मितीची तारीख बदलू शकतो. हा बदल फाइल मोबाइलवर टाकण्यापूर्वीच करावा, कारण गॅलरीने एकदा नोंद केली की नंतर बदललेली तारीख तिला कळायला पुष्कळदा ती फाइल काढून पुन्हा टाकावी लागते.